बांधून ठेवलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. १९६९ची शेव्हरोले कमॅरो घेतली आहे. तिचं ३५० घनइंची व्ही-८ इंजिन नव्याने बांधून बारा वर्षं पडून आहे, एकदाही सुरू केलेलं नाही. थेट स्टार्टर मारू का?

उत्तर : अजिबात नको! आधी सगळे स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि क्रँक पान्याने हाताने फिरवून बघा. अडकला तर जोर लावू नका. इंजिन उघडावं लागेल.

खरा धोका कॅमशाफ्टला आहे. जोडणीच्या वेळी लावलेलं वंगण इतक्या वर्षांत ओघळून जातं. मूळ धर्तीचे सपाट टॅपेट असतील, तर कोरड्या घर्षणाने कॅमचे उंचवटे काही मिनिटांत झिजू शकतात. म्हणून ब्रेक-इनसाठीचं, झिंक जास्त असलेलं तेल भरा. डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकात प्राइमिंग टूल घाला आणि ड्रिलने ऑइल पंप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. मधूनमधून क्रँक थोडा थोडा पुढे सरकवत, सगळ्या रॉकरवर तेल येईपर्यंत. काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. टाइमिंग आधीच जुळवून ठेवा, म्हणजे उगाच स्टार्टर मारत बसावं लागणार नाही. इंजिन सुरू होताच आयडलवर सोडू नका. २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान कमीजास्त करत चालवा. नंतर तेल आणि फिल्टर बदला. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवा आणि अग्निशामक नळकांडं हाताशी असू द्या.