घरामागची बोट-लिफ्ट: काय तपासाल, किती मोजाल

फ्लोरिडात कालव्याकाठी घर घेतलंत, मागे डॉक आहे आणि डॉकला बोट-लिफ्टही आहे. विकणाऱ्याने बटण दाबून लिफ्टचा पाळणा वर-खाली करून दाखवला. तेवढ्यावर बोट चढवू नका. रिकामा पाळणा मोडकी लिफ्टही उचलते. घर तपासणारा इन्स्पेक्टर बहुतेक वेळा लिफ्टकडे बघत नाही आणि तसं त्याच्या अहवालात बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. लिफ्टचं काम करणारा माणूस वेगळा बोलवा. तपासणीचे १५० ते ३०० डॉलर जातील. (या लेखातले डॉलरचे आकडे ढोबळ आहेत, काउंटी बदलली की भाव बदलतो.) सौदा होण्याआधी बोलावलंत तर दुरुस्तीची रक्कम घराच्या किमतीतून वळती करून घेता येते. नंतर बोलावलंत तर ती तुमच्या खिशातून.

त्याच वेळी दोन कागद मागा. एक, लिफ्टचं बिल्डिंग परमिट बंद झाल्याची, म्हणजे अंतिम तपासणी होऊन काम मंजूर झाल्याची नोंद. ती शहराच्या किंवा काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून बहुतेक ठिकाणी फुकट बघता येते. दोन, लिफ्टची क्षमता लिहिलेलं बिल किंवा मॅन्युअल. उघडं राहिलेलं परमिट घराबरोबर तुमच्या गळ्यात पडतं.

आता वजन. बोटीच्या माहितीपत्रकात ‘ड्राय वेट’ छापलेलं असतं. त्यात पेट्रोल नाही, पाणी नाही आणि आउटबोर्ड बोटींच्या बाबतीत पुष्कळदा इंजिनही नाही. समजा, तुमची २४ फुटी बोट आहे आणि ड्राय वेट ४,२०० पाउंड. ३०० अश्वशक्तीचं इंजिन साधारण ५६० पाउंड. १२० गॅलन पेट्रोल, गॅलनला ६ पाउंड धरून ७२०. २० गॅलन पाणी १६७. बॅटऱ्या, नांगर, साखळी, बर्फाची पेटी, लाइफ जॅकेटं मिळून ३५० तरी. बेरीज सहा हजारांच्या घरात जाते. त्यावर २० ते २५ टक्के राखीव ठेवा, म्हणजे ७,२०० ते ७,५००. ही बोट ७,००० पाउंडांच्या लिफ्टवर ठेवायची नाही, ८,०००ची लिफ्ट हवी. ‘आधीचे मालक यापेक्षा मोठी बोट ठेवायचे’ हे वाक्य ऐकाल. ते हिशेबात धरू नका.

आणि या बेरजेत पाऊस अजून आलेला नाही. १०० चौरस फुटांवर १ इंच पाऊस साचला की ६२ गॅलन पाणी होतं, म्हणजे ५२० पाउंड. ५ इंच साचला तर २,६०० पाउंड. म्हणून बोट पाण्याबाहेर आली की मागचं बूच काढायचं. दर वेळी, एका रात्रीपुरती ठेवली तरी. बिल्ज पंपाच्या भरवशावर राहू नका. बॅटरी उतरली की पंप गप्प. बोटीचं नाक किंचित वर राहील अशी ती बसवा, म्हणजे पाणी मागे वाहून बुचाच्या भोकातून निघून जाईल. डेकवरची पाणी जाण्याची भोकं पानांनी तुंबतात, त्यात हाताचं बोट घालून बघा. कव्हर घालत असाल तर मधे टेकू द्या, नाहीतर कव्हरच टाकी होतं. काढलेलं बूच इंजिनच्या किल्लीत अडकवून ठेवा. किल्ली घेतल्याशिवाय निघता येत नाही, त्यामुळे बूच न लावता बोट पाण्यात सोडण्याची नामुष्की टळते. खर्च शून्य.

बोट चढवताना घाई नको. पाळणा पुरेसा खाली सोडा, बोट सावकाश आत घ्या. मागचं टोक, जिथे इंजिनचं सगळं वजन असतं, ते बंकच्या म्हणजे पाळण्यावरच्या गालिचा लावलेल्या फळ्यांच्या बाहेर लोंबकळता कामा नये. एकदा जागा बरोबर जमली की खांबावर रंगाची खूण करा. पुढच्या वेळी बोटीवरची ठरलेली वस्तू त्या खुणेसमोर आणायची. उचलण्याआधी खांबांना बांधलेले सगळे दोर सैल करा. दोर ताणलेला राहिला तर क्लीट उपटते किंवा बोट एका बाजूला कलते. बोट पाण्यातून फूटभर वर आली की थांबा, चारही कोपरे बघा, मग पुढे. वर गेल्यावर पाळण्याच्या आडव्या तुळईवर पाणसळ ठेवा. एक कोपरा दर महिन्याला खाली सरकत असेल तर तिकडची केबल ताणली जातेय, कारागिराला बोलवा.

वर ठेवलेल्या बोटीलाही दोर लागतात. पुढून दोन, मागून दोन, आणि पुढे-मागे सरकू नये म्हणून दोन तिरपे. रोजच्या वाऱ्याला एवढं पुरतं. रिमोटचं बटण दाबून घरात निघून जाण्याची सवय लावू नका. लिफ्ट आपोआप थांबवणारा स्विचही बिघडतो. मग मोटर केबल ओढतच राहते आणि केबल तुटते.

केबलवर सर्वांत जास्त लक्ष हवं, आणि दुर्लक्षही तिच्याकडेच होतं. खाऱ्या पाण्यात गॅल्व्हनाइज्ड केबल साधारण दीड-दोन वर्षं टिकते, स्टेनलेस त्याहून थोडी जास्त. गॅल्व्हनाइज्ड गंजून आधी दिसते तरी. स्टेनलेस वरून चकचकीत दिसत असताना आतून जाते, म्हणून ‘स्टेनलेस टाकली, आता चिंता नाही’ हे खरं नाही. तपासायचं ते पुलीपाशी आणि ड्रमच्या टोकापाशी. जाड हातमोजा घालून केबलवर कापडाचा तुकडा फिरवा. तार तुटलेली असेल तिथे कापड अडकेल. उघड्या हाताने कधीच नको. एक तार जरी तुटलेली सापडली तरी केबल बदला, आणि एकच नाही, सगळ्या एकदम. चार केबलींचा संच मजुरीसह ४०० ते १,००० डॉलर. ‘एकच बदलून देतो, १५० डॉलरमध्ये’ असं कोणी म्हटलं तर उरलेल्या तीन जुन्या केबलींवर तुमची हजारो डॉलरची बोट लटकते आहे, एवढं डोक्यात ठेवा. ड्रमवर केबल शेजारी-शेजारी गुंडाळली जायला हवी, एकावर एक चढता कामा नये. पाळणा पूर्ण खाली असतानाही ड्रमवर दोन-तीन वेढे उरले पाहिजेत.

विजेचं काम स्वतः करायचं नाही. लिफ्टला जीएफसीआय संरक्षण, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारी सोय, नसेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. पाण्यात झिरपलेली वीज पोहणाऱ्याला लुळं करते आणि माणूस बुडतो. गोड्या पाण्यात हा धोका आणखी जास्त. वीज जोडलेल्या डॉकजवळ मुलांना पोहू देऊ नका. काम नसताना ब्रेकर बंद.

वादळ. १ जून ते ३० नोव्हेंबर हा हंगाम. चक्रीवादळात बोट लिफ्टवर ठेवायची नाही, मग ती कितीही घट्ट बांधा. वाऱ्यापेक्षा पाणी घात करतं. वादळी उधाणाबरोबर पाणी चढतं, बोट पाळण्यातून तरंगून सुटते आणि पाणी उतरताना खांबावर येऊन बसते. २८ सप्टेंबर २०२२ला इयन चक्रीवादळ आलं तेव्हा फोर्ट मायर्स बीचला पाणी जमिनीपासून १० ते १५ फूट चढलं होतं. तुमच्या लिफ्टचे खांब किती उंच आहेत, एकदा मोजा. २०२४मध्ये तर हेलीन आणि मिल्टन दोन आठवड्यांच्या अंतराने आले.

बोट बाहेर काढून सुक्या जागी ठेवायला मरिनात फुटाला साधारण १२ ते २० डॉलर लागतात, २४ फुटांना ३०० ते ५०० डॉलर. जमिनीला पट्ट्यांनी बांधण्याचे आणि रोजच्या जागेचे पैसे वेगळे, आणि ते फोनवर कोणी आपणहून सांगत नाही. वादळाचा इशारा लागल्यावर फोन केलात तर जागा मिळणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये जागा राखणारा करार करा, वार्षिक रक्कम भरा. काही बोट-विमे इशारा लागल्यावर बोट हलवण्याचा ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मा खर्च देतात. पॉलिसीत ते कलम शोधा आणि पावती ठेवा. ट्रेलर असेल तर सर्वांत स्वस्त, फक्त त्याचे टायर आधी बघा.

हलवणं शक्यच नसेल तर बूच काढलेलं, एक्झॉस्टचं तोंड बंद, सुटं सामान आणि कॅनव्हास उतरवलेलं, बोट पाळण्यालाच घट्ट बांधलेली. आणि माणूस घरात, बोटीत नाही.

विम्याचा गोंधळ इथे समजून घ्या. बोटीचा विमा बोटीचा असतो, लिफ्टचा नाही. घराच्या विम्यात डॉक आणि लिफ्ट अनेकदा वगळलेले असतात किंवा छोट्या मर्यादेत. केंद्र सरकारच्या पूरविम्यात डॉक आणि समुद्रभिंत बसतच नाहीत. एजंटला तोंडी नाही, ईमेलने विचारा: लिफ्ट कोणत्या पॉलिसीत, किती रकमेपर्यंत? नाव दिलेल्या वादळासाठी कपात वेगळी असते, ५ ते १० टक्के. ४०,०००च्या बोटीवर १० टक्के म्हणजे पहिले ४,००० डॉलर तुमचे.

नवी लिफ्ट घ्यायची तर ८ ते १० हजार पाउंडांच्या चार खांबी लिफ्टला बसवण्यासह १० ते २० हजार डॉलर धरा. अंदाजपत्रकात काय नाही ते वाचा. वीजजोडणी, परमिट, नवे खांब, तराफा आणण्याचं भाडं, जुनी लिफ्ट उचलून नेणं, मार्गदर्शक खांब: हे सगळं बहुधा ‘वेगळं’ असतं. राज्याच्या साइटवर ठेकेदाराचा परवाना बघा. पाण्यावर काम करणाऱ्यांना लागू होणारा कामगार विमा आहे का, विचारा. फ्लोरिडाच्या कायद्याने ठेकेदाराने १० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेतली तर त्याला ३० दिवसांत परमिटसाठी अर्ज करावा लागतो; त्या अर्जाचा क्रमांक मागा. शेवटचा हप्ता देताना माल पुरवणाऱ्यांचे पैसे चुकते झाल्याचा लेखी लियन रिलीज घ्या, नाहीतर त्याच्या उधारीचा बोजा तुमच्या घरावर चढतो. परमिट न घेता स्वस्तात करून देणारा भेटेलच. घर विकताना तो फोन उचलणार नाही.

आणि आपल्या लोकांसाठी खास. शाळेची सुट्टी लागली की तुम्ही महिनाभर पुण्या-ठाण्याला जाता, नेमकं हंगामाच्या तोंडावर. जाण्यापूर्वीच बोट मरिनात नेऊन ठेवा. महिन्याचं भाडं विमानाच्या एका तिकिटापेक्षा कमी पडतं. शेजाऱ्याच्या हाती लिफ्टची किल्ली देऊन ‘वादळ आलं तर बघ जरा’ म्हणू नका, तेव्हा तो स्वतःचं घर बंद करत असतो. बोटीचं रजिस्ट्रेशन, पॉलिसी, मरिनाचा करार आणि लिफ्टचे चारही बाजूंनी काढलेले तारखेसह फोटो फोनमध्ये ठेवा. दावा भारतातून करावा लागला तर कंपनी आधी तेच मागते.