आटे गेले, दुकानदार नामानिराळा

सायकलवर किती ओझं जातं, हे बघायला मंगळवेढ्यात लांब जावं लागत नाही. मोटारसायकली घरोघर आल्या, तरी वाड्या-वस्त्यांवरून दूध घालायला येणारा एखादा म्हातारा अजून जुन्या काळ्या सायकलीवर दिसतो. दोन्ही अंगांना किटल्या, वर पेंडीचं पोतं. त्या कॅरिअरच्या लोखंडी काड्या थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत उतरतात आणि आसाच्या नटाखालीच आवळलेल्या असतात. ओझं आसावर, आसावरून चाकावर, चाकावरून जमिनीवर. मधे कुणाची मध्यस्थी नाही.

प्रस्तुत लेखकाने हे लहानपणापासून बघितलेलं. म्हणूनच मंगळवेढ्याहून सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटाने रत्नागिरी गाठायचं ठरलं, तेव्हा शहरातल्या एका नावाजलेल्या, वातानुकूलित दुकानात त्याने पहिला प्रश्न हाच केला: या गिअरच्या सायकलला मागे कॅरिअर बसवायला भोकंच नाहीत, तर वजन पेलणार कोण?

“सर, हे लेटेस्ट आहे. सीटच्या नळीला क्लॅम्प आवळायचा, विषय संपला.”

किती वजन घेतं? “दहा किलो आरामात.” खोक्यावरही दहाच छापलं होतं.

आता हिशेब ऐका, कारण पुढे याच हिशेबावरून लेखकाला खोटं पाडायचा प्रयत्न झाला. कॅरिअर घेतलं. निघायचं सगळं सामान भरून झाल्यावर बॅग बाजारातल्या एका भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवली. साडेसहा किलो. मग मुद्दाम पंढरपूरची चक्कर मारली. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, भरल्या बॅगेनिशी. परतताना कॅरिअर बोटभर डावीकडे झुकलेलं. त्याचा फोटो दुकानाला पाठवला. उत्तर आलं, ‘नवीन आहे सर, सेट होतंय. पुन्हा टाइट करा.’ शेवटी अंगठा. पुन्हा आवळलं.

सांगोला मागे पडून नागजच्या आसपास चढ लागला, तेव्हा मागून टायर घासल्याचा आवाज यायला लागला. उतरून बघितलं, तर बॅग चाकावर टेकलेली, आणि क्लॅम्पचा बोल्ट पान्याने फिरवावा तितका फिरतोय, पण आवळत मात्र नाही. ॲल्युमिनियममधले आटे पार साफ झालेले. ज्याने सायकलवर सामान बांधून लांबचा रस्ता धरलाय, त्यालाच हा नुसता फिरणारा बोल्ट काय असतो ते कळेल. तो आणखी थोडा फिरवला की लागेल, आणखी थोडा, असं वाटत राहतं. लागत नाही. रस्ता रिकामा, ऊन चढलेलं, आणि बॅगेच्या कडेला टायरने घासून पाडलेला काळा पट्टा.

दुकानाला फोन लावला. पहिला प्रश्न: “सर, किती किलो टाकलं होतं?” साडेसहा. “काटा बरोबर होता का?” म्हणजे ज्या काट्यावर मंगळवेढ्याची ज्वारी विकली जाते, तो काटा चूक आणि यांचं खोकं बरोबर! मग “रस्ता खराब असेल.” सोलापूर-सांगली महामार्ग चौपदरी झालाय, हे सांगितल्यावर “तुम्ही जास्त आवळलं असेल.” आवळा म्हणून यांनीच लिहून पाठवलेलं. ते वाचून दाखवल्यावर “साहेब जेवायला गेलेत.” साहेब संध्याकाळपर्यंत जेवत होते.

पुढच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्याने मात्र बोल्ट हातात घेतला आणि एका वाक्यात निकाल दिला. “पाव्हणं, आटं गेल्यात, आन् ह्याला धरायला मांसच न्हाई की.” त्याने जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, नळीवर गुंडाळल्या, आरपार लांब बोल्ट घालून मागून नट लावला आणि बॅगेतलं अर्धं सामान काढून पुढे हँडलला बांधायला लावलं. पैसे किती, तर चहापुरते.

दोष नेमका कुठे, तेही सांगायला हवं. सीटच्या नळीवरच्या कॅरिअरला खालून आधार नसतो. ओझं क्लॅम्पपासून हातभर मागे लोंबतं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात त्याची तरफ होते आणि सगळा झटका एका बारीक बोल्टवर येतो. दहा किलोचा आकडा दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर खरा असेलही. भोकं नसलेल्या सायकलला दुसरे उपाय आहेत: चौकटीच्या नळ्यांना रबरी अस्तराच्या पट्ट्या आवळून त्यावर बसणारं कॅरिअर, किंवा लांब आसावर पाय टेकणारं कॅरिअर. नाहीतर कॅरिअरच नको; चौकटीच्या त्रिकोणात बसणारी बॅग घ्यावी आणि अवजारं, पाणी, ट्यूब असं जड सामान तिच्यात खाली ठेवावं. हे सगळं त्या दुकानात भिंतीवर टांगलेलं होतं. विक्रेत्याने तिकडे बोटही केलं नाही.

सामान किती आणि कसं न्यायचं, ते प्रवास कसला आहे त्यावर ठरतं. इतिहासात डोकावलं, तर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून परत आले. गिअर नाहीत, मोबाइल नाही, वाळवंटं आणि जंगलं वाटेत. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर फिरून आली. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, तरी ती पुढे निघाली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली. तिथे मागे गाडी आणि माणसं असतात. सायकलवर फक्त स्वार. आपला प्रवास यातल्या कुठल्या जातीचा, ते आधी ठरवावं. ‘गाडी मागून येतेच आहे’ असं सांगणारे लोक ऐन वेळी ढाब्यावर सापडतात, हाही अनुभव गाठीशी आहे.

आता आपल्या भागापुरतं. इकडे पंक्चर खिळ्यांनी कमी आणि वेड्या बाभळीच्या काट्यांनी, सराट्यांनी जास्त होतं. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवावं. काटा राहिला असेल, तर तिथे अडकतं. फडक्याऐवजी बोट फिरवणारा पुढचे दोन दिवस ब्रेक दाबताना ओरडतो. बऱ्याच नव्या सायकलींच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतो, गावातल्या पंपाला तो लागत नाही. पितळी ॲडॉप्टर काही ग्रॅमचाच असेल, पण तो नसला तर पंपासमोर उभं राहून हवा मिळत नाही. गावच्या दुकानात मिळणारा २८ इंची टायर ७००-सीच्या रिमवर बसत नाही. आकडे जवळचे वाटतात, माप वेगळं आहे. दोन ट्यूब, पॅच, साखळीची एक जोडकडी, ब्रेकची तार, केबल टाय आणि प्रत्येक मापाचा एक जादा बोल्ट सोबत हवा. बोल्ट तर विसरूच नका.

पावसानंतर काळ्या रानातून शॉर्टकट मारू नये. ती माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी बसते की चाक फिरायचं थांबतं, मग काडीने उकरत बसा. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडे तोंड करून निघूच नये, वारं समोरून येतं. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. डिसेंबर-जानेवारी बरा, वाटेत हुरडाही मिळतो. खाण्याला आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कितीतरी दिवस टिकते, वजन नाही. फक्त तिला पाणी लागतं, आणि रस्ता चौपदरी झाल्यापासून गावं बाजूला पडली, टपऱ्या दिसेनाशा झाल्या. तीन लिटर तरी सोबत हवं. आंबा घाट उतरण्याआधी, निघतानाच ब्रेकपॅड नवे घालावेत. बाकी टोपी, ओआरएस, ओळखपत्राची प्रत, मागचा लाल दिवा, लवकर झोपणं वगैरे सगळ्यांना ठाऊक असतंच.

दुकानाने शेवटी काय केलं? ‘पैसे परत मिळत नाहीत, तेवढ्या किमतीची दुसरी वस्तू घ्या.’ त्याच दुकानातून! लेखकाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे मंगळवेढेकराला सोलापूर पुरे, दुकान कुठल्या का शहरात असेना. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फीसुद्धा नाही. हे दुकानाला लिहून कळवल्यावर इतके दिवस जेवत असलेल्या साहेबांचा स्वतःहून फोन आला आणि त्यांनी पहिली मागणी केली ती मूळ बिलाची. ही बिलं थर्मल कागदावर निघतात, काही महिन्यांत अक्षरं उडून जातात. लेखकाने घेतल्या दिवशीच बिलाचा फोटो काढून ठेवला होता. तो पाठवला, काट्यावरच्या बॅगेचा, झुकलेल्या कॅरिअरचा आणि ‘सेट होतंय’ या निरोपाचाही. पैसे आले. पंक्चरवाल्याचे चहापुरते मात्र त्यात धरलेले नव्हते.