बरी झालेली मुलगी म्हणते, मला हेच काम करायचंय

मुंबईत मरोळ नाका, सीप्झ, एमआयडीसी या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या आईबापांना मुलांच्या नैराश्याबद्दल आता पूर्वीइतकं समजावावं लागत नाही. डॉक्टरकडे नेतात, गोळ्या वेळेवर देतात. पंचाईत पुढे होते. मुलगी सावरते, बारावी होते आणि जाहीर करते, ‘मी यातून गेलेय, आता अशाच लोकांसाठी काम करणार.’ आईच्या पोटात गोळा येतो. पुन्हा त्याच वातावरणात? उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं? आणि यात पगार तरी मिळतो का?

पगाराचंच आधी बघू, कारण बाकीच्या प्रश्नांआड बहुधा तोच दडलेला असतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, स्वतः मानसिक आजार भोगलेल्यांनी दुसऱ्या रुग्णांना सोबत करायची, अशी पगारी पदं आहेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये अशा सोबतीचे पैसे मेडिकेड या सरकारी योजनेतून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे या नावाची जाहिरात क्वचितच निघते. काम मात्र जुनंच आहे, आणि तेही मराठी मुलखातलं.

पुण्याचं मुक्तांगण बघा. अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा अवचट यांनी व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथल्या कार्यकर्त्यांत आणि समुपदेशकांत कित्येकजण आधी तिथलेच रुग्ण होते. पेशंट डॉक्टरला सहज गुंडाळतो, ‘आता सुटलं हो सगळं’ म्हणतो. पण समोर बसलेल्याने वीस वर्षांपूर्वी तीच थाप मारलेली असते. शिवाय इथून बाहेर पडता येतं याचा पुरावा म्हणून तो स्वतःच समोर असतो, आणि हे कुठल्याही पदवीने येत नाही. मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशनही याच वाटेने गेलं. स्किझोफ्रेनियासाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातल्याच अनुभवातून पुण्यात संस्था काढली. तिथे रुग्ण आणि नातेवाईक यांचे स्वमदत गट चालतात.

आता दुसरी बाजू. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये सुरू झाली. दारू सुटलेल्याने दुसऱ्याची सोडवायची, पण त्या मदतीचे पैसे घ्यायचे नाहीत, असा तिचा दंडक आहे. मला तो शहाणपणाचा वाटतो. दुसऱ्याचं दुःख ऐकणं हाच स्वतःचा उपचार आणि तीच रोजीरोटी झाली, तर एखाद्या वाईट महिन्यात दोन्ही एकदम डळमळतात. म्हणून अनुभव हे भांडवल असलं तरी सगळा संसार त्याच्यावर मांडू नये. मुलीला हे सांगताना ‘तुला झेपणार नाही’ असं मात्र म्हणू नका. झेपतं, कितीतरी जणांना झेपलंय.

मग करायचं काय? मानसशास्त्र किंवा समाजकार्यात पदवी घेऊ द्या. पदवीनंतर पुढे शिकायला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कालिन्याला, टाटा समाजविज्ञान संस्था देवनारला. मरोळहून दोन्हीकडे घरून जाऊन-येऊन करता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम हवा, हे फी भरण्याआधी तपासा. समुपदेशनाचं सर्टिफिकेट चार शनिवारांत हातात ठेवणाऱ्या क्लासपासून दूर राहा. पदवीच्या काळात एखाद्या स्वमदत गटात नियमित जाऊ द्या, आधी ऐकायला. आपली गोष्ट किती सांगायची आणि कुठे थांबायचं, हे तिथे बसूनच कळतं. स्वतःचे उपचार आणि झोप या काळात सुटता कामा नये. पुढे नोकरी घेताना एकच प्रश्न विचारायचा: तिच्या कामावर देखरेख करणारा, तिचंही ऐकून घेणारा अनुभवी माणूस तिथे आहे का? नसेल तर पगार बरा असला तरी ती जागा घेऊ नये.

कायदाही या मुलांच्या बाजूने थोडा सरकलाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणात, मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्यांच्या प्रतिनिधींसाठी जागा ठेवल्यात. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. आजाराने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व आल्याचं प्रमाणपत्र असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी अर्ज करता येतो. सगळ्यांना ते लागू होत नाही, पण विचारून बघायला लाजू नका.

मुलाखतीत आजाराबद्दल बोलायचं की नाही, बोललं तर किती, हे मुलीने ठरवायचं. ती ठरवेपर्यंत काका-मामांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते जाऊन पोचलेलं नसावं, एवढं तुमच्याकडे.