पाळणाघर आणि त्याची वही



सुरतेहून माल आला की आपण गाठ फोडून ठाण मोजतो, बिलाशी ताडून पाहतो आणि मगच हमालाला सोडतो. गिऱ्हाइकाने शिवायला दिलेल्या दोन मीटर कापडाचीही पावती फाडतो, कारण ती अमानत आहे. मात्र आपल्याच कारखान्यात मशीनवर बसणारी बाई दीड वर्षाचे मूल कोणाच्या हवाली करून आली, हे आपण सहसा विचारीत नाही. जळगाव व धुळ्यात मॅक्सी, परकर, शाळेचे गणवेश, पिको-फॉल ही कामे स्त्रियांच्या हातावर चालतात. डाळ मिल आणि जिनिंगमध्येही त्याच दिसतात. दादी-नानी घरी असली तर ठीक, नाहीतर मूल शेजारी किंवा सात वर्षांच्या बहिणीकडे.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या शिलाईच्या कारखान्यात एका कोपऱ्याला पडदा लावला, चटई टाकली आणि एका वयस्क खालांना बसविले. नऊ मुले होती. नियम एकही नव्हता. एके दुपारी खाला जोहरच्या नमाजसाठी वजू करायला उठल्या आणि दोन वर्षांच्या मुलाने इस्त्रीची वायर ओढली. हात भाजला. अल्हम्दुलिल्लाह, मूल बरे झाले, पण त्याची आई कामावर परत आली नाही, आणि आठवड्यात आणखी तीन मशीनी रिकाम्या झाल्या. लोक खालांना बोल लावू लागले. चूक माझी होती. नऊ मुलांमागे मी एकच माणूस ठेवला होता आणि कोपरा निवडला तो इस्त्रीच्या टेबलाशेजारचा.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत असत. १९३१ सालच्या शाही कामगार आयोगाच्या अहवालातही अफू चारण्याच्या या प्रथेची नोंद आहे. १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. १९४८ च्या कायद्याने ती खोली सक्तीची केली आणि १९७६ मध्ये पन्नासचा आकडा तीसवर आणला. परिणाम काय झाला, ते धंद्यातला माणूस ओळखेल. बायकांची हजेरी तीसच्या आतच ठेवायची! नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत पन्नासाहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेसाठी सहा वर्षांखालील मुलांच्या पाळणाघराची तरतूद आहे, आणि मोजणीत पुरुषही येतात. आपल्यासाठी त्यातील कामाची बाब निराळी आहे. अनेक आस्थापनांनी पैसा एकत्र करून सामायिक पाळणाघर चालविले तरी कायद्याला ते मान्य आहे. बारा-पंधरा मशीनींच्या कारखान्यांवर सक्ती नाही, पण एका गल्लीतील चार-पाच जणांना हा रस्ता मोकळा आहे.

सुरुवात माणसांपासून करावी. केंद्र सरकारच्या पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांना एक सेविका आणि एक मदतनीस असा हिशेब आहे. महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास. माझ्या मते रांगणारी मुले असतील तर हा हिशेब तोकडा आहे. दोन खालांकडे बारा मुले, त्यांत तान्ही चारपेक्षा जास्त नकोत. एक जण नमाजला, जेवायला किंवा पाण्याला गेली तरी दुसरी खोलीतच राहील, हा नियम भिंतीवर सर्वांत वर लिहावा. आणि पगार द्यावा, खैरात नव्हे. सूरह अत-तलाकच्या सहाव्या आयतीत दूध पाजणाऱ्या स्त्रीला तिची मजुरी देण्याचा हुकूम आहे. मूल सांभाळणे हे मोलाचे काम आहे, हे तेथेच स्पष्ट होते. "बिचारी विधवा आहे, बसून राहील, दुवा देईल," असे म्हणून अर्ध्या पैशात बाई ठेवणारे आपल्यात कमी नाहीत.

दुसरी गोष्ट वही. सकाळी मूल घेताना वेळ, अंगावर जखम वा पुरळ आहे का, शेवटचे दूध केव्हा पाजले, ताप आहे का, हे लिहून घ्यावे. संध्याकाळी कोणाच्या हाती दिले, त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. आईने आधी लिहून दिलेल्या दोन-तीन नावांखेरीज कोणाच्याही हाती मूल देऊ नये, मग येणारा सख्खा मामा का असेना. मोहल्ल्यात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून हा नियम कडू वाटतो. घरात तंटा सुरू असतो त्या दिवशी त्याची किंमत कळते. नियमांचा कागद उर्दू आणि मराठी अशा दोन्ही लिप्यांत असावा, कारण पुष्कळ भगिनी फक्त उर्दूच वाचतात.

दुधाबाबत एक मसला सरकारी कागदात सापडणार नाही. रडणाऱ्या तान्ह्याला दुसऱ्या आईने मायेने छातीशी लावले, तर शरीअतनुसार रजाअतचे नाते जडते. ती मुले दूधशरीक भाऊ-बहीण ठरतात व त्यांचा आपसात निकाह होऊ शकत नाही. एकाच मोहल्ल्यातील, बहुधा एकाच बिरादरीतील मुले! वीस वर्षांनी सोयरीक ठरताना कोणाला तरी आठवले, तर केवढा घोटाळा होईल. म्हणून दुसऱ्याच्या मुलाला पाजू नये, असा नियमच करावा. तरीही घडले तर त्याच दिवशी दोन्ही घरांना सांगून वहीत नोंद करावी. तपशील आलिमांना विचारावा. आईने स्वतः येऊन पाजावे, हेच उत्तम. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन सुट्ट्या त्यासाठी द्याव्यात, असे कायदाही सांगतो. नगावर काम करणाऱ्या बाईची तेवढी मजुरी बुडते, याचा विचार मालकाने करावा.

जागा तळमजल्यावर असावी आणि पत्र्याखाली मुळीच नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा पत्र्याखालची खोली भट्टी होते. कूलर लावला तर त्याला मुलांचा हात पोहोचता कामा नये, कारण ओल्या कूलरचा शॉक जीव घेतो. पाणी साठवण्याचे ड्रम आणि हौद झाकणबंद असावेत. वीतभर पाण्यातही रांगते मूल बुडते. कापसाची रुई उडते तेथे तर पाळणा टांगूच नये. १९४८ च्या कायद्यात कापूस दाबण्याच्या कारखान्यात ओपनर चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुलांना कामावर ठेवायलाच मनाई होती, यावरून काय ते समजावे. बटणे, सुया, हूक यांचा डबा त्या खोलीत कधीही नसावा.

ताप, जुलाब, गोवर असलेले मूल त्या दिवशी घरी राहील आणि आईची रजा कापली जाणार नाही. दुसरा भाग नसेल तर पहिला पाळला जात नाही, आई ताप लपवून मूल सोडून जाते. लसीच्या कार्डाची प्रत ठेवावी. आईच्या चिठ्ठीशिवाय औषधाचा थेंब देऊ नये, आणि झोपेचे औषध तर चिठ्ठी असली तरीही नाही. बाळगोळीचे दिवस पुन्हा नकोत.

मुलाशी कोणी वाईट वागल्याचा संशय आला तर तो जमातीच्या बैठकीत मिटविण्याचा विषय नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर असू द्यावा.

ईदच्या सीझनमध्ये कारखाने रात्री उशिरापर्यंत चालतात. पाळणाघराची बंद होण्याची वेळ मात्र लिहिलेलीच असावी. त्यानंतर थांबायचे तर खालांच्या राजीने आणि जादा मजुरी देऊन.

राहिला खर्च. चार मालक एकत्र आले की पहिला वाद वाटणीवर होतो. ज्याच्या कारखान्यातील मुले जास्त त्याने जास्त द्यावे, हे वरवर न्यायाचे दिसते. पण तसे केले की दुसऱ्याच महिन्यात मालक लेकुरवाळ्या बाईला कामावर घ्यायला टाळू लागतो. म्हणून वाटणी मशीनींवर करावी. बारा मशीनींवाल्याने बारा वाटे, वीसवाल्याने वीस, मग त्याच्याकडचे एकही मूल येत नसो. आईकडून थोडी फी घ्यावी, कारण फी देणारी आई तक्रार करायला कचरत नाही. हिशेब दर महिन्याला चौघांनी पाहावा, आणि जमलेल्या पैशातून आधी खालांचा पगार निघावा, भाडे त्यानंतर.