दहा गोलांचा हिशेब

(आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत हरून आलेला भाचा कंधारला मामाकडे उतरलाय. मामा खेळाचे निवृत्त शिक्षक.)

भाचा : मामा, यंदा आमची टीम एकही मॅच जिंकली नाही. शेवटच्या मॅचला तर सहा गोल खाल्ले. कॉलेजात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

मामा : सहाच ना? १५ जुलै १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाच्या टीमनं युगोस्लाव्हियाकडून दहा खाल्ले. आपला गोल एक, अहमद खानचा.

भाचा : दहा! कोच कोण होते?

मामा : सय्यद अब्दुल रहीम. ‘मैदान’ सिनेमात अजय देवगण झालाय ना, तेच. एका अर्थानं आपल्याच राज्याचे. तेव्हा कंधार हैदराबाद राज्यात होतं. रहीम हैदराबादचे, पेशानं शाळामास्तर, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० ला निघालं, तेव्हा आपल्याकडच्या पोरांचं विद्यापीठही उस्मानियाच.

भाचा : मग कोचच कच्चे असतील.

मामा : कच्चे कसे? त्यांच्या हैदराबाद पोलीस टीमनं मुंबईचा रोव्हर्स कप १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनं पाच वेळा जिंकला. १९५१ ला दिल्लीच्या एशियाडचं सोनंही त्यांच्याच टीमचं.

भाचा : मग हेलसिंकीत पोरं दमली का? आमचं तसंच होतं.

मामा : आपल्याकडं तेव्हा मॅच सत्तर मिनिटांची असायची, तिकडं नव्वद. पण नुसतं दमण्यावर ढकलू नको. अर्ध्या वेळेलाच पाच गोल झाले होते. बरेचसे खेळाडू अनवाणी, आणि मैदान थंड, ओलं. पाय घसरणार नाही तर काय? समोरची टीमही साधी नव्हती, तिनं पुढं रौप्य पदक घेतलं. या सामन्यानंतर आपल्याकडं बूट सक्तीचे झाले.

भाचा : म्हणजे बुटांनी प्रश्न सुटला?

मामा : बूट बाजारात मिळतात रे, सवय मिळत नाही. रहीम हैदराबादेत पोरांच्या स्पर्धा घ्यायचे, त्यांचे नियमच वेगळे. एका स्पर्धेत चेंडू पायात खेळवत बसायची बंदी, आला की पास द्यायचा. दुसरीत फक्त कच्च्या पायानं मारायचं.

भाचा : आमच्यात सगळे उजव्याच पायाचे. डावीकडं चेंडू आला की गडबड.

मामा : बघ, तुझ्या सहातल्या एका गोलाचं कारण तुझ्याच तोंडून निघालं.

भाचा : आणि रहीमसाहेबांचं पुढं काय झालं?

मामा : १ नोव्हेंबर १९५६ ला कंधार हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात आलं. त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये रहीमच्या टीमनं ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं. मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसूझांनी तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई.

भाचा : मग पदक?

मामा : नाही. सेमीफायनलला पुन्हा युगोस्लाव्हियाच! पण या वेळी पहिला गोल आपला, नेव्हिलचाच. मॅच मात्र १-४ नं गेली. पुढं बल्गेरियाकडूनही हरलो आणि चौथे आलो.

भाचा : म्हणजे शेवटी हरलेच की.

मामा : हरले. पण दहाचे चार झाले, आणि मधे लागली चार वर्षं. १९६२ ला जकार्त्याच्या एशियाडमध्ये त्याच रहीमनी दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून सोनं आणलं. तेव्हा त्यांना कॅन्सर होता. ११ जून १९६३ ला ते गेले.

भाचा : (थोडा वेळ गप्प) मामा, आम्ही काय करायचं?

मामा : पंच, ऊन, मैदान यांना शिव्या देऊन झाल्या असतील तर वही काढ. यंदा खाल्लेला एकेक गोल लिही : कितव्या मिनिटाला, कुठल्या बाजूनं, कुणाच्या हातून सुटला. स्वतःचं नाव आधी. आणि उद्या सकाळी मैदानावर ये. उजवा पाय वापरायचा नाही.