सूर्यनमस्कार की शवासन?

द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकत्र येतात. तेथील वाहतुकीत दिवस काढणारे एक गृहस्थ परवा दवाखान्यात आले. वय ५२, डोके जड, चक्कर. रक्तदाब १९०/११२! "गोळी चालू आहे ना?" असे विचारले, तर म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच योगा करा म्हणालात. रोज पन्नास सूर्यनमस्कार घालतो. मग गोळी कशाला?"

त्याच आठवड्यात साठीच्या एक बाई आल्या. मधुमेह, वजन वाढलेले. सहा महिने नियमाने योग करूनही साखर हटत नव्हती. "ताई, घाम येतो का?" "शवासनात कसला घाम, डॉक्टर?"

वाचकहो, चूक या दोघांची नव्हती, माझी होती. "योग करा" एवढेच मी सांगितले. कोणता, किती, हे सांगितलेच नाही. औषध लिहून द्यावे आणि मात्रा लिहू नये, तसाच हा प्रकार.

योगाभ्यासाचे ढोबळ दोन भाग करता येतील. एक श्रमाचा, दुसरा विश्रांतीचा. सूर्यनमस्कार हा श्रमाचा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा हिरिरीने प्रसार केला. भरभर घातलेल्या नमस्कारांनी नाडी वाढते, स्नायू साखर वापरतात, सांधे मोकळे होतात. वजन, मधुमेह, बैठे काम असणाऱ्यांना हा उपयोगी.

शवासन, सावकाश श्वसन हा विश्रांतीचा भाग. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध केले. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली. पण ध्यानात घ्या, औषधे डॉक्टरांनी मोजून कमी केली. रुग्णांनी आपल्या मनाने नव्हे.

मग निवड कशी करावी?

१) मधुमेह, लठ्ठपणा असेल तर श्रमाचा भाग हवाच. आठवड्याला निदान १५० मिनिटे दम वाढेल असा व्यायाम हवा. नुसत्या शवासनाने तो भरून निघत नाही. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

२) रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी औषधाने तो आटोक्यात आणावा. तोवर चालणे बेताचे आणि शवासन.

३) छातीत दुखणे, चालताना धाप, पाठीची गादी सरकलेली, काचबिंदू, गरोदरपण यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नमस्कार नकोत. काचबिंदूत डोके खाली जाणारी आसने टाळावीत.

४) झोप येत नाही, मन सतत धावते, त्यांनी रात्री दहा-पंधरा मिनिटे शवासन करावे.

नमस्कारांची सुरुवात तीन-चारपासून करावी, आठवड्याला एक-दोन वाढवावेत. घालताना दोन शब्द बोलता आले पाहिजेत. धाप लागून बोलणे बंद झाले तर थांबावे. शेवटी पाच मिनिटे शवासन: उताणे झोपून पाय थोडे फाकवावेत, हात अंगापासून दूर ठेवावेत आणि पोट वर-खाली होते आहे याकडे लक्ष द्यावे. झोप लागली तर ती झोप, शवासन नव्हे!

आसन स्थिर आणि सुखाचे असावे, हे पतंजलींनी सांगून ठेवले आहे. शेजारी किती घालतो, याचा त्यात उल्लेख नाही.

त्या गृहस्थांची गोळी पुन्हा सुरू केली. दाब उतरल्यावर आता ते सहा नमस्कार घालतात आणि मग निवांत पडतात. बाईंना रोज अर्धा तास भरभर चालणे आणि भिंतीचा आधार घेऊन उभ्याची आसने सांगितली आहेत. परवा त्या हसत आल्या, "डॉक्टर, घाम आला हो!" साखरेचा आकडा तीन महिन्यांनी पाहू.

आपणही योगवर्गाला जाण्यापूर्वी एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आणि डॉक्टर "योग करा" म्हणाले, तर "कोणता?" असे अवश्य विचारा.