फिरत्या खुराड्यास चाकें व आंख

१ राजे ७:२७-३७ हा भाग वाचतांना पुष्कळ जण भराभर पुढें जातात, कारण तेथें मापांवांचून कांहीं दिसत नाहीं. परंतु ज्याच्या हातीं कधीं वांकस किंवा घण आला असेल त्यानें तेथें अवश्य थांबावें. शलमोनानें सोर नगराहून बोलाविलेल्या हिराम नांवाच्या कारागिरानें मंदिराकरितां दहा पितळी चौरंग घडविले. प्रत्येक चौरंग चार हात लांब, चार हात रुंद व तीन हात उंच. प्रत्येकास चार चाकें, व चाकाची उंची दीड हात. आंख, धांवा, आरे, तुंबे सर्व ओतीव. आणि आंख चौरंगासच जडलेले होते. हा हिराम नफतालीच्या वंशांतील एका विधवेचा मुलगा होता.

कोंबड्यांचें खुराडें मंदिराच्या चौरंगाशेजारीं आणून बसविलें म्हणून कोणीं रागावूं नये. आंखाचा नियम दोहोंकडे एकच आहे.

फिरतें खुराडें म्हणजे बूड नसलेली जाळीची पेटी. ती रोज आपल्या लांबीइतकी पुढें सरकवावयाची, म्हणजे कोंबड्यांस नवें गवत व किडे मिळतात आणि खत सर्व शेतांत सारखें पडतें. रक्ती हगवणीचें बीज विष्ठेतून पडतें, पण तें रोग लावण्यास समर्थ होण्यास ओलाव्यांत व उबेंत एक-दोन दिवस लागतात. तोंवर कोंबड्या पुढें गेलेल्या असतात. मानमोडीस, म्हणजे राणीखेत रोगास, मात्र हा उपाय नव्हे. तिच्याकरितां लस टोंचून घेतलीच पाहिजे. शिवाय, कोंबड्यांनीं शेजाऱ्याचे मेथीचे वाफे उकरले म्हणून मंडळींत किती तंटे उभे राहतात, हें उपदेशकांस सांगावयास नको.

माझ्या पहिल्या खुराड्यास मीं आंख मध्यभागीं खालून घातला. ओढावयास तें फार हलकें झालें व मला मोठा अभिमान वाटला. परंतु कडा जमिनीपासून सदा चार बोटें वर राहूं लागली. तिसऱ्या रात्रीं मुंगूस आंत शिरलें व तीन कोंबड्या मारून गेलें. त्यांपैकीं दोन आमच्या मंडळींतील एका विधवाबाईच्या, मजकडे अर्धलीनें ठेविलेल्या. बाई एक शब्दही बोलल्या नाहींत. पुढच्या बाजारीं मीं दोन तलंगा घेऊन त्यांस दिल्या, तरी त्यांच्या दारावरून जातांना कित्येक दिवस माझी मान खालींच असे.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, खुराडें उभें असतां कड जमिनीस टेंकली पाहिजे, आणि चालतांनाच तेवढी उचलली पाहिजे. हें साधण्यास आंख पेटीखालीं न घालतां पेटीच्या मागें न्यावा. पेटी ६ फूट लांब व ३ फूट रुंद धरूं. तींत आठ कोंबड्या सुखानें राहतात. दोहों बाजूंच्या खांबांस जमिनीपासून ६ इंच उंचीवर एकेक मजबूत लांकडी पट्टी बोल्टनें आवळून ती मागें १ फूट बाहेर काढावी. पट्ट्यांच्या टोंकांस भोंकें पाडून त्यांत सहा सुती लोखंडी सळई घट्ट बसवावी. ती फिरतां कामा नये. चाकांनीं फिरावें, आंखानें नव्हे. दोन्ही चाकें आंखास जखडून टाकलीं तर वळतांना एक चाक फरफटतें व माती उकरतें.

चाक १२ इंच व्यासाचें असावें, म्हणजे पेटी टेंकली असतां तें जमिनीस जेमतेम लागतें. दोन फळ्या एकीच्या रेषा उभ्या व दुसरीच्या आडव्या अशा खिळ्यांनीं जोडून तें कापावें. एकेरी फळी चिरते. मध्यें पाऊण इंची नळाचा तुकडा ठोकून बसवावा, सळईवर दोहों अंगांस वायसर घालावे, शेवटीं खीळ मारावी, आणि गाडीचेंच वंगण द्यावें. सायकलचीं जुनीं चाकें फुकट मिळतात खरीं, पण तीं ओल्या काळ्या मातींत रुततात, व त्यांच्या आंखास दोन्ही अंगांनीं आधार लागतो.

पुढें २ फूट लांबीचे दोन दांडे काढावे. ते १ फूट उचलले असतां मागची कड सव्वा इंचाच्या सुमारास उठते. ओढण्यास तेवढें पुरे. पेटीचें वजन ३० किलो असलें तर हातावर तेरा किलोंहून थोडा अधिक भार येतो. अंड्यांची पेटी मागच्या टोंकास ठेविली तर हा भार आणखी कमी होतो, व घरांतील मुलगीही खुराडें हलवूं शकते. पुढची कड मात्र नऊ इंचांपर्यंत उघडते, म्हणून तेथें गोणपाटाचा पडदा टांगावा. ओढणें अगदीं सावकाश असावें, आणि दुसऱ्यानें मागें उभें राहून पिलांकडे लक्ष द्यावें. मागें रेंगाळणाऱ्या पिलाचा पाय कडेखालीं सांपडतो.

संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वीं चारी कडांखालीं हात फिरवावा. जेथें दोन बोटें आंत जातील तेथें दगड लावावा.